ओल्या शेडमध्ये ४ इंची ग्राइंडर: गार्ड, डिस्क, अर्थिंग आणि लाकडाची ब्लेड

माळरान_शेती

नमस्कार मंडळी. गोठ्याचं गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या घरीच करायच्या ठरवल्या आहेत. माल म्हणजे ४० बाय ४० चा जीआय स्क्वेअर पाइप, २५ बाय ५ ची पट्टी आणि थोडा अँगल. ग्राइंडर ४ इंची, ८५० वॉटचा, पाटीवर ११,००० आरपीएम लिहिलंय. शेड विहिरीजवळ आहे. लाईट पंपाच्या पेटीतून घेतलेली, तिथून शेडपर्यंत ३० मीटर वायर. सध्या जमीन सतत ओली.

१. ग्राइंडरला दोनच पिना आहेत, अर्थिंगची नाही. मग तो ओल्यात चालवावा का?
२. गार्ड लावला की कोपऱ्यात डिस्क पोचत नाही. इकडे सगळे गार्ड काढूनच चालवतात. खरंच किती फरक पडतो?
३. बाभळीच्या काही मेढी कापायच्या आहेत. दुकानदार म्हणतो, लाकडाची दातेरी ब्लेड ह्याच ग्राइंडरला बसते. घ्यावी का?
४. डिझेलचा जुना बॅरल उभा चिरून गुरांना पाण्यासाठी दोन डोण्या करायच्या आहेत. ग्राइंडरने होईल ना?

जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

---

फॅब्रिकेशन_चाकण

चौथा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात चूक सुधारायला माणूस उरत नाही. डिझेल, ऑइल, थिनर, फवारणीचं औषध, कशाचाही बॅरल असो, त्याला ग्राइंडर लावू नका. रिकामा बॅरल भरलेल्यापेक्षा जास्त वाईट. तळाला आणि कडेच्या दुमडीत तेलाचा थर राहिलेला असतो. डिस्कच्या उष्णतेने त्याची वाफ होते, आतल्या हवेत मिसळते आणि पहिली ठिणगी आत पडली की झाकणाची बाजू उडते. बूच उघडं ठेवलं, साबणाने धुतला, उन्हात ठेवला, तरी दुमडीतलं तेल जात नाही. गुरांना सिमेंटची डोण घ्या. तेलाच्या बॅरलमधलं पाणी त्यांना पाजणंही बरं नव्हे.

आता गार्ड. ११,००० आरपीएमला १०० मिमी डिस्कची कड सेकंदाला ५७ मीटर जाते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. डिस्क फुटली तर तुकडे त्याच वेगाने आणि डिस्कच्याच रेषेत सुटतात. कापायच्या पवित्र्यात ग्राइंडर हातात धरा (प्लग काढून) आणि ती रेषा तुमच्या अंगावर कुठे येते ते बघा. छाती, गळा, तोंड. मध्ये फक्त गार्ड असतो. गार्ड फिरवता येतो. काम बदललं की त्याचा स्क्रू किंवा पट्टी सैल करून त्याची बंद बाजू स्वतःकडे आणायची, मग पुन्हा घट्ट करायची. हे प्रत्येक वेळी करायचं, एकदा बसवून विसरायचं नाही.

गार्डचं आणखी एक काम कोणी बोलत नाही: तो असला की मोठी डिस्क बसतच नाही. चांगल्या रेझिन डिस्कला (रेझिनने दाणे चिकटवलेली नेहमीची कापायची-घासायची डिस्क) ८० मीटर प्रति सेकंद ही मर्यादा छापलेली असते. १०० मिमीच्या डिस्कसाठी ते १५,२०० आरपीएमच्या आसपास येतं, १८० मिमी (७ इंची) साठी साडेआठ हजार. ती ७ इंची डिस्क ११,००० च्या मशीनला लावली तर कड १०० मीटर प्रति सेकंदाच्या पुढे जाते. ५ इंची डिस्कचं भोक २२ मिमी, तुमच्या मशीनचा फ्लँज (डिस्क जिच्यावर बसते ती बैठक) १६ मिमीचा. मधली फट वायसर घालून भरली की डिस्क केंद्रावर बसत नाही, थरथरते आणि चिरते. हे सगळे उद्योग गार्ड काढल्याशिवाय करता येत नाहीत.

कोपऱ्याबद्दल म्हणाल तर आतल्या कोपऱ्यातली वेल्डिंग घासायचीच कशाला? तिथली वेल्डिंग जितकी घासाल तितका जोड कमजोर होतो. स्लॅग (वेल्डिंगवरचं कवच) छिनी-हातोडीने काढा, वायर ब्रश मारा, रेड ऑक्साइड लावा. दिसणारी बाहेरची बाजूच सपाट करायची असते आणि तिथे गार्ड आड येत नाही. फारच अडलं तर कोपऱ्यात कानस चालवा.

डिस्कचं. कापायची पातळ, १ ते १.२ मिमी. घासायची जाड, ६ मिमी, मध्ये खोलगट. पातळ डिस्क फक्त कडेने कापण्यासाठी आहे. कापून झाल्यावर तिच्याच बाजूने बर (कटच्या कडेला उरलेले धारदार कंगोरे) घासणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आतली जाळी बाजूच्या दाबाने सुटते आणि डिस्क पुढच्या कटला फुटते, म्हणून कारण लक्षात येत नाही. प्रत्येक वेळी डिस्क बदलायचा कंटाळा येत असेल तर घासायला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची) लावलेला दुसरा ग्राइंडर ठेवा. तो खर्च वाया जात नाही.

बसवताना: प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. डिस्कवर चिरा, कड उडालेली, पाणी लागल्याचा डाग असेल तर फेकून द्यायची. नटाच्या एका बाजूला उंचवटा असतो. जाड डिस्कला उंचवट्याची बाजू डिस्ककडे, पातळ डिस्कला सपाट बाजू डिस्ककडे. पातळ डिस्कला नट उलटा बसला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण डिस्क धरलेली नसते. घट्ट करायला दोन पिनांचा पान्हाच, हातोडी-छिनी नाही. नवी डिस्क लावली की ग्राइंडर जमिनीकडे तोंड करून, रेषेबाहेर उभं राहून अर्धा ते एक मिनिट मोकळा फिरवा. फुटायची असेल तर बहुधा तेव्हाच फुटते.

झटका (मशीन उसळणं) डिस्क अडकल्यामुळे बसतो. लांब पाइप दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कापला की शेवटी पाइप मध्ये खचतो आणि चीर डिस्कवर मिटते. म्हणून आधार कटच्या एकाच बाजूला द्यायचा. सुटणारा तुकडा मोकळा खाली पडला पाहिजे. ४० बाय ४० चा पाइप एका दमात आरपार न कापता चारही बाजूंना खूण करून एकेक बाजू कापा, डिस्क आत खोल जातच नाही. पाइप पायाखाली दाबून कापणं पूर्ण बंद. दोन सी-क्लॅम्प घ्या, टेबलाला किंवा जाड फळीला आवळा. बाजूचं हँडल लावा आणि दोन्ही हातांनी धरा. ठिणग्या तुमच्यापासून लांब जात असतील तर अडकल्यावर मशीन तुमच्याच अंगावर येतं, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. त्यामुळे ठिणग्यांची दिशा कुठलीही असो, डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही.

स्विच सोडल्यावर डिस्क काही सेकंद फिरत राहते. थांबेपर्यंत हातात धरा, जमिनीवर दाबून थांबवू नका. गळ्यातला गमछा, सैल बाही, हातातलं कडं, दोरा काढून ठेवा. घट्ट बसणारे चामडी हातमोजे चालतील, विणलेले सुती नकोत, त्यांचा धागा ओढला जातो. आसपास कडबा, पाचट, डिझेलचा कॅन, मोटारसायकल नको. ठिणगी कडब्यात पडली तर लगेच दिसत नाही. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं.

---

सागवान_प्लाय

लाकडाच्या ब्लेडबद्दल थोडं वेगळं मत. साइटवर प्लायची पट्टी काढायला, दाराची चौकट तासायला बरेच कारागीर ४ इंची दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावतात. हलक्या हाताने चालवली, गाठ टाळली तर काम होतं. सरसकट घाबरवू नये.

---

फॅब्रिकेशन_चाकण

सागवान भाऊ, काम होतं हे मान्य. पण ज्या दिवशी ब्लेड अडकते त्या दिवशी हलका हात उपयोगी पडत नाही, कारण ते सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

रेझिन डिस्क कणाकणाने घासते. अडकली तर ती घसरते, झिजते किंवा फुटते. दातेरी ब्लेडचा दात लाकडात रुततो आणि सगळी ताकद मशीन उचलायला वापरतो. ह्या ग्राइंडरला ना क्लच ना ब्रेक. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला खाली सपाट बैठक असते, ती लाकडावर टेकलेली राहते, आणि ब्लेडवर स्प्रिंगचा गार्ड असतो जो कटबाहेर येताच झाकला जातो. ग्राइंडर मात्र हवेत हाताने धरलेला असतो, कट किंचित वाकडा झाला की दात घुसला. वर ग्राइंडरचा गार्ड रेझिन डिस्कसाठी बनवलेला, ह्या ब्लेडला तो बहुतेक वेळा आड येतो आणि काढला जातो. स्वस्त ब्लेडवर तर कमाल आरपीएमच छापलेला नसतो.

आणि इथे प्रश्न प्लायचा नाही, बाभळीचा आहे. कठीण, पिळाचं, गाठींचं लाकूड, त्यात ओलं. ओलं लाकूड कटताना मिटतं. मेढ गोल असल्याने गडगडते. जुन्या मेढीत खिळा किंवा तारेची यू असू शकते. माळरान दादा, ती ब्लेड घेऊ नका. ग्राइंडरला लावायची साखळीची चकती मिळते, ती तर दुकानात हातातही घेऊ नका. इतक्या मेढी दोन माणसांच्या करवतीने होऊन जातात, किंवा पुढे साखळीचा ब्रेक असलेला चेनसॉ भाड्याने आणा.

---

सागवान_प्लाय

बाभळीसाठी पटलं. प्लायसाठीही जिगसॉ किंवा सर्क्युलर सॉ असेल तर तोच वापरावा, हे मीही मान्य करतो. सर्क्युलर सॉ वापरणाऱ्यांसाठी एक: खालचा स्प्रिंगचा गार्ड भुश्याने अडकतो म्हणून काही जण तो तारेने बांधून वर ठेवतात. तसं करू नका. दर दिवशी प्लग काढून ब्रशने साफ करा, हात सोडला की तो आपोआप झाकला पाहिजे. ब्लेडची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा साधारण एक दात जास्त, त्याहून नाही.

---

तारतंत्री

आता विजेची बाजू.

दोन पिनांचा प्रश्न: मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं मशीन आहे. त्याला अर्थिंगची तार लागत नाही आणि जोडायचीही नाही. कोरड्यात ते ठीक. पण दुहेरी इन्सुलेशन हे पाण्यापासून संरक्षण नव्हे. हवा जायच्या फटींतून पावसाचं पाणी आत गेलं तर दोन्ही थरांना वळसा घालून करंट बाहेर येतो. दुसरी गोष्ट फॅब्रिकेशनवाल्यांच्या मशीनमध्ये हमखास दिसते: लोखंडाची बारीक धूळ त्याच फटींतून आत ओढली जाते आणि वाइंडिंग, ब्रश होल्डर ह्यांवर साचते. ही धूळ करंट वाहून नेते. पुढचं गिअरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, तिथपर्यंत गळती पोचते. म्हणून दर आठवड्याच्या कामानंतर प्लग काढून कोरड्या हवेने फुंकून काढा, आणि वर्षातून एकदा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर दोन्ही पिना एकत्र धरून गिअरच्या डोक्यापर्यंत किमान २ मेगाओहम दिसायला हवा, चांगलं मशीन त्याच्या कितीतरी वर दाखवतं. मोजताना मशीनचा स्विच चालू स्थितीत हवा, नाहीतर आतलं वाइंडिंग मोजलंच जात नाही.

पाटीवर ती खूण नसेल, जसं वेल्डिंग मशीन, टेबल ग्राइंडर, कंप्रेसर, जुनं लोखंडी बॉडीचं ड्रिल, तर तीन कोरची वायर आणि तीन पिनांचा प्लग सक्तीचा. अर्थिंगची पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणं म्हणजे बॉडीला करंट येण्याची वाट बघणं.

एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरा: २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. माणूस मरायला हे पुरेसं आहे आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला ते कळतही नाही. अर्थिंग असूनही तीच गत होऊ शकते. शेतातल्या एका सळईच्या अर्थिंगचा रोध २० ओहम असेल तर बॉडीला फेज लागल्यावर साडेअकरा अँपिअर जातील. एमसीबी पडणार नाही, बॉडी जिवंतच राहील. म्हणून शेडवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते आणि फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की ०.३ सेकंदाच्या आत पाडते, मोठ्या गळतीला ०.०४ सेकंदात. दोन पोल, २५ किंवा ४० अँपिअर, आयएस १२६४० ची खूण बघून घ्या. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, ती आगीपासून वाचवण्यासाठी असते.

आरसीसीबीच्या मर्यादाही माहीत हव्यात. जास्त लोडला ती पडत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतेच. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर तिला गळती दिसत नाही. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही. अर्थिंग नसतानाही ते बटण आरसीसीबी पाडतं.

वायर: ८५० वॉटला साधारण ३.७ अँपिअर. ३० मीटरसाठी १.५ स्क्वेअर मिमी तीन कोर तांब्याची फ्लेक्सिबल, आयएस ६९४ ची. पुढे १४ इंची कटऑफ मशीन आणणार असाल तर ते ९-१० अँपिअर घेतं, त्याला २.५ स्क्वेअर मिमी आणि १६ अँपिअरचं सॉकेट. वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून लोड टाकू नका, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. जमिनीवरून चिखलात, गुरांच्या पायाखालून नेऊ नका, खांबांवरून डोक्याच्या वर न्या. जोड असेल तर पत्र्याच्या शेडवर टेकलेला नको. आणि सॉकेटमध्ये उघड्या तारा खोचून वर काडीपेटीची काडी ठोकणं, हे शेतावर सर्रास दिसतं. काडी ओली होते, तार सुटते आणि लोंबकळते. चांगला प्लग त्या तारेच्या तुलनेत काहीच महाग नाही.

लाईट जाणं: तुमच्या ग्राइंडरचा स्विच पुढे सरकवून अडकणारा असेल. काम चालू असताना लाईट गेली, मशीन खाली ठेवलं, चहाला गेलात, लाईट आली की ग्राइंडर जमिनीवर एकटा पळत सुटतो. शेतीच्या फीडरवर हे रोजचं आहे. लाईट गेली की पहिल्यांदा स्विच मागे, मग प्लग बाहेर. नवीन घेणार असाल तर दाबून धरावा लागणारा, सोडला की बंद होणारा स्विच असलेलाच घ्या.

पायात रबरी तळाचे बूट. पाऊस आत येत असेल तर काम थांबवायचं, कितीही राहिलेलं असो. १८ किंवा २० व्होल्टचा बॅटरीवरचा ग्राइंडर परवडत असेल तर विहिरीजवळच्या शेडसाठी तोच सगळ्यात योग्य. डिस्कचा धोका मात्र तसाच राहतो, आणि डिस्क बदलताना बॅटरी काढायची.

एक विचारतो: पंपाच्या पेटीतून सिंगल फेज नेमका कसा घेतलाय? तिथे न्यूट्रल आहे का?

---

माळरान_शेती

सगळ्यांचे आभार. बॅरलचा आणि ब्लेडचा विचार सोडला. घरातल्या डिस्क तपासल्या. एकावर १०० बाय १.२ बाय १६, ८० मी/से, १५,२०० आरपीएम असं आहे, मधल्या लोखंडी कड्यावर व्ही ०१/२०२४. दुसऱ्या पाकिटातल्या डिस्कवर फक्त नाव आणि ४ इंच लिहिलंय.

तारतंत्री साहेब, पेटीत न्यूट्रल नाही. तीन फेजपैकी एक फेज घेतलाय आणि शेडजवळ सळई ठोकून तिच्यावरून दुसरी तार आणली आहे. आरसीसीबी आणून लावली तर ग्राइंडर चालू करताच पडते. बल्बलाही पडते. खराब निघाली का?

---

फॅब्रिकेशन_चाकण

कड्यावरची ती तारीख म्हणजे मुदत. रेझिन हवेतला ओलावा शोषतं आणि कमजोर होतं, म्हणून तयार झाल्यापासून तीन वर्षांची मुदत देतात. ती डिस्क तोडून टाका, नुसती बाजूला ठेवली की कोणीतरी लावतो. ज्यावर वेग आणि मुदत काहीच नाही ती पाकिटासकट टाका. नव्या डिस्क कोरड्या डब्यात, आडव्या, सपाट ठेवा. शेडच्या जमिनीवर नकोत.

---

तारतंत्री

आरसीसीबी उत्तम आहे. ती तुम्हाला सांगते आहे की गेलेला करंट न्यूट्रलने परत येत नाही, सगळाच्या सगळा जमिनीत जातो आहे. तिला काढून टाकून काम पुढे रेटू नका. आत्ताच्या आत्ता ती जोडणी पेटीतून सोडवा, तीसुद्धा मेन बंद करून, वायरमनकडून.

ग्राइंडर ३.७ अँपिअर घेतो आणि सळईचा रोध २० ओहम धरला, तर मशीन चालू असेपर्यंत त्या सळईवर जमिनीच्या तुलनेत सत्तरएक व्होल्ट उभे राहतात. सळईपासून लांब जावं तसा दाब कमी होत जातो, म्हणजे जवळ उभ्या असलेल्या जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांखाली वेगवेगळा दाब असतो. गाय-बैलाच्या पायांतलं अंतर माणसाच्या पावलापेक्षा जास्त, पाय ओल्या मातीत, आणि करंट छातीतून जातो. गोठ्याशेजारी ही सळई असणं माणसापेक्षाही आधी गुरांना धोक्याचं आहे. उन्हाळ्यात माती सुकून सळईचा संपर्क तुटला किंवा तार सुटली, तर शेडकडच्या त्या ‘अर्थिंग’च्या तारेवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि ती तार अर्थिंगची आहे असं समजून लोक बिनधास्त हात लावतात. कोणी त्यावर मशीनची बॉडी जोडलेली असेल तर बॉडीलाही तेच.

कोणी सांगेल, सळई नको, दोन फेजवर चालवा. दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट असतात. ग्राइंडरची मोटर कार्बन ब्रशची असते, तिचा वेग व्होल्टेजबरोबर वाढतो. जळायच्या आधी ती डिस्कला छापलेल्या मर्यादेच्या पलीकडे फिरवू शकते. न्यूट्रल असलेल्या थ्री-फेज शेडमध्ये न्यूट्रल तुटला तरी एखाद्या फेजवर असंच व्होल्टेज चढतं. ग्राइंडरचा आवाज एकाएकी बारीक आणि चढा झाला, बल्ब जास्त उजळले, तर लगेच स्विच सोडा.

करायचं काय: घराच्या मीटरवर फेज-न्यूट्रल खरा असतो. गेटचं काम तूर्त घराच्या अंगणात, पडवीत, कोरड्यात करा, तिथल्या मेन बोर्डाला हीच आरसीसीबी बसवून. तिथेही पडली तर घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र झालेत किंवा कुठेतरी गळती आहे, ते वायरमनकडून शोधून घ्या. शेडसाठी महावितरणकडे वेगळ्या सिंगल फेज जोडणीचा अर्ज द्या. वेल्डिंग मशीनही शेडमध्ये लागणारच आहे, तेव्हा अर्जात त्याचा लोड धरा.

---

अपघात_विभाग

डोळ्यांचं राहिलं. रोजचा नंबरचा किंवा उन्हाचा चष्मा बाजूने उघडा असतो, ठिणगी गालावरून वर जाते. चारही बाजूंनी बंद, पॉलिकार्बोनेटचा गॉगल घ्या, दांडीवर किंवा काचेवर इएन १६६ (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपीय मानक) आणि बी (उडणाऱ्या कणांचा मार सोसण्याची खूण) हे अक्षर असलेला. त्याच्यावर तोंडाची काच (फेस शील्ड) लावा. नुसती शील्ड पुरत नाही, ती खालून उघडी असते. नाकाला रुमाल पुरत नाही, एन९५ किंवा एफएफपी२ मास्क लागतो. लादी किंवा ग्रॅनाइट कापणाऱ्यांना तर तो फारच गरजेचा. त्या धुळीतला सिलिका फुप्फुसात कायमचा राहतो. कानात बोळे घाला, ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. निघाला नाही तर पदराच्या टोकाने, काडीने किंवा सुईने काढणाऱ्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. लोखंडाचा कण काही तासांतच बुबुळावर गंजाचं कडं धरू लागतो, मग नुसता कण काढून भागत नाही. मेडिकलमधून डोळा सुन्न करणारे थेंब घेऊन काम चालू ठेवू नका, दुखणं लपतं आणि बुबुळाची जखम भरत नाही. कण आत घुसल्यासारखा वाटला, नजर धूसर झाली, बाहुली वेडीवाकडी दिसली, तर डोळ्यावर दाब न देता कागदी कपाने झाका आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. पुढे कधी एमआरआय सांगितला तर आधी सांगा की लोखंड घासण्याचं काम केलंय. डोळ्यात राहिलेला बारीक कण चुंबकाने हलू शकतो.

शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा, पण स्वतः कोरड्या फळीवर उभे राहून. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यावर जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. कापलेल्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हळद, माती, चहापत्ती काही नको. बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकलं तर जोडणं कठीण होतं.

---

माळरान_शेती

सळई आणि ती तार वायरमनने आज काढली. काम घराच्या पडवीत हलवतो. गॉगल, शील्ड, दोन सी-क्लॅम्प आणि नव्या डिस्क तालुक्याहून आणायला सांगितल्यात. ग्राइंडरच्या पाटीवर चौकोनात चौकोन आहे. पण वायर मशीनमध्ये शिरते तिथलं रबर चिरलंय, आतल्या कोर दिसतात. टेप मारून चालेल का?

---

तारतंत्री

नाही. तिथे वायर प्रत्येक हालचालीला वाकते, टेप आठवडाभरात सैल होतो आणि आतली तार त्याच जागी तुटते. चिरलेला भाग कापून टाका किंवा पूर्ण वायर बदला, दोन कोर, १ स्क्वेअर मिमी, रबरी. सोबत ते निमुळतं रबर (स्लीव्ह) नवं घ्या आणि आतली पट्टी दोन स्क्रूंनी वायरवर आवळा. ओढ स्क्रूवर आली पाहिजे, जोडावर नाही. मशीन उघडलंच आहे तर कार्बन ब्रश बघून घ्या. ६ मिमीपेक्षा आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदला. बंद केल्यावर आधी मेगर, मग आरसीसीबीच्या लाईनवर मोकळा फिरवून बघा, आणि त्यानंतरच डिस्क लावा.